नारळाची पानं दरवर्षी कातरलेली निघतात? आधी उकिरड्याचा तळ बघा

विहिरीवरच्या नारळाचं नवं पान उमललं, की ते कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. दोन्ही बाजूंना सारखेच त्रिकोणी काप. दुकानातून काहीतरी आणून फवारलं, की दोन-तीन महिने बरं वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. उन्हाळ्यात उकिरडा फोडला, की अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघतात. भादव्यात हळदीत जागोजागी चट्टे पिवळे पडून वाळायला लागतात. ही तिन्ही दुखणी एकाच शेतात दिसली, की गडी एकच नाव घेतो: हुमणी, म्हणजे मातीत राहून पिकाची मुळं खाणारी पांढरी अळी. मीही घेतलं होतं. वसमत तालुक्यातल्या (जिल्हा हिंगोली) आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तीन वर्षं मी चुकीच्या किड्याशी भांडत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर आधीच सांगतो. नारळ कातरतो तो गेंड्या भुंगा, आणि उकिरड्यातली ती मोठी अळी बहुतेक वेळा त्याचीच असते. ती हळदीची मुळं खात नाही. हळद वाळवणारी हुमणी वेगळी, तिचे भुंगेरे धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावरून येतात. दोघांचं घर वेगळं, वेळ वेगळी, इलाजही वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं, की पैसे जातात आणि दोघंही राहतात.

अळी हातात घ्या, घाबरू नका

गेल्या दोन उन्हाळ्यांत गावातल्या आणि पाहुण्यांतल्या लोकांनी मला अळ्यांचे बरेच फोटो पाठवले. निम्म्या फोटोंत अळी शेणात लडबडलेली, गुंडाळी करून पडलेली. अशा फोटोवरून देवही ओळखणार नाही. अळी आधी पाण्यानं धुवा आणि जेवणाच्या ताटाच्या पालथ्या बाजूवर ठेवा (घरच्यांना विचारून, आमच्या घरी यावरून महाभारत झालंय). शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

अळी पाठीवर पडून, पाय वर करून सरळ सरपटत निघाली, तर ती ना हुमणी ना गेंड्या. ती फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या गटातली. पाय आखूड, अंगावर केस, आणि पाठीवरच तिची चाल भलतीच झपाट्याची. ती फक्त कुजलेलं खाते आणि तुमच्या शेणखताचा भुगा करून देते. तिला परत उकिरड्यात सोडा. आफ्रिकेच्या वर्षावनात गोलियाथ नावाचा भुंगा आहे, जगातल्या सगळ्यात वजनदार किड्यांपैकी एक. तो याच गटातला. आपल्या उकिरड्यात त्याचे गरीब चुलतभाऊ नांदतात.

अळी कुशीवर पडूनच राहिली, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तर पुढचं बघा. लांबी मोजा. गेंड्या भुंग्याची पूर्ण वाढलेली अळी सरळ केली तर सहा ते दहा सेंटिमीटर भरते, आणि डोकं गडद तपकिरी, जवळजवळ काळपट असतं. हुमणीची अळी मोठी झाली तरी साधारण चार सेंटिमीटरच्या आसपास राहते, तिचं डोकं फिकं तपकिरी आणि पाय अंगाच्या मानानं लांब. पण लहान गेंड्या आणि मोठी हुमणी शेजारी ठेवल्या तर नुसत्या आकारावरून फसगत होते. तेव्हा मोबाइलचा कॅमेरा झूम करून अळीच्या मागच्या टोकाखालचा फोटो घ्या. गुदद्वाराची चीर आडवी सरळ असेल तर गेंड्याचा किंवा फुलभुंग्याचा गट. तीच चीर मधे खाली वळून इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखी दिसली तर हुमणी. मला हे कळलं त्या दिवशी माझा निम्मा गोंधळ मिटला.

आणखी एक साधी खूण म्हणजे अळी कुठं सापडली. उकिरड्याच्या आत, कुजलेल्या ओंडक्यात, जुन्या कडब्याच्या तळाशी असेल तर संशय गेंड्यावर. उभ्या पिकाच्या मुळाशी, मातीत असेल तर हुमणीवर. ही खूण शंभर टक्के नाही, हुमणीची लहान अळीही सुरुवातीला मातीतला सेंद्रिय कचरा खाते. पण दहातले आठ निकाल हिच्यावरच लागतात.

पान आज कातरलं गेलेलं नाही

आता मूळ तक्रारीकडे. नारळाचं उमललेलं पान कातरलेलं दिसलं, की आपण फवारणीचा पंप उचलतो. मी पहिल्या वर्षी तेच केलं. शिडी लावून, नाकाला गमछा बांधून दोन्ही झाडं वरपासून खालपर्यंत धुऊन काढली. नवी पानं कातरलेलीच निघाली. दुकानदार म्हणाला, “डोस कमी पडला.” मी डोस वाढवला.

चूक कुठं होती ते नंतर समजलं. गेंड्या भुंगा पान उमलल्यावर खात नाही. शेंड्याचा जो न उमललेला, गुंडाळलेला मधला कोंब असतो, त्यात तो पानाच्या बेचक्यातून (देठ खोडाला मिळतो त्या खाचेतून) शिरून आडवा पोखरत जातो. चावलेला तंतुमय भुसा बाहेर ढकलतो आणि रस पितो. तेव्हा पान घडीत असतं. एकच भोक सगळ्या घड्यांमधून आरपार जातं आणि पुढं पान उलगडलं, की दोन्हीकडे सारखी नक्षी उमटते. घडी घातलेल्या कागदाला कात्री लावून पोरं झालर करतात ना, अगदी तसं. म्हणजे आज दिसणारे काप कित्येक आठवड्यांपूर्वीचे. करणारा केव्हाच उडून गेला. मागच्या वर्षीचा चोर पकडायला आपण आज पहारा ठेवतो.

“औषधानं फरक पडला” असं वाटतं त्याचं कारणही हेच. मधले एक-दोन कोंब भुंग्याच्या हातून सुटले, तर त्यांची पानं धड निघतात. श्रेय फवारणी घेऊन जाते.

म्हणून पानाकडे न बघता बेचक्याकडे बघा. शेंड्याजवळच्या दोन-तीन पानांच्या देठाशी बोटाएवढं भोक आणि त्यातून ओलसर, चघळलेल्या काथ्यासारखा भुसा बाहेर आलेला दिसला, तर भुंगा आत असण्याची शक्यता आहे. जाड तारेच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा करा, भोकात सरकवा आणि ओढा. पहिल्यांदा मला वीस मिनिटं लागली आणि निघाला तो अर्धा. आता हात बसलाय. बाहेर आल्यावर तो चिडून चुर्र चुर्र करतो, ते पोट आणि पंखांची कवचं एकमेकांवर घासल्याचा आवाज. चावत नाही, विषारी नाही. नराच्या डोक्यावरचं शिंग लांब. मादीचं आखूड, आणि तिच्या पाठीमागच्या टोकाला तांबूस केसांचा पुंजका असतो. मादी निघाली तर मला जास्त समाधान वाटतं, कारण एका मादीची अंडी ७० ते १०० पर्यंत जातात.

भोक मोकळं झालं, की शेंड्याच्या आतल्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंडीचा भुगा आणि वाळू समप्रमाणात, मिळून पाव ते अर्धा किलो भरायची. वर्षातून तीनदा: पावसाळ्याच्या तोंडावर, पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात. वाळूचे कण भुंग्याच्या सांध्यांत अडकतात आणि पेंडीचा वास त्याला नकोसा होतो. लहान झाडाला तीन-चार डांबरगोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू घातली तरी चालतं, पण दीड महिन्यानं त्या पुन्हा ठेवाव्या लागतात आणि आपण ते विसरतो. पेंड बरी.

एवढं करून झाड वाचतं, पण तक्रार संपत नाही. झाडावर येणारा भुंगा पाहुणा असतो. तो जन्मतो दुसरीकडे.

कोरड्या मुलखात हा आला कुठून?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. कोकणात, केरळात गेंड्या भुंगा असतो हे समजू शकतं. तिथं नारळाची बनं आहेत, पाऊस आहे. आपल्याकडे वर्षाकाठी जेमतेम ७००-८०० मिलिमीटर पाऊस, आणि नारळ म्हणजे विहिरीवर दोन, मारुतीच्या पारामागं एक. तरी भुंगा दरवर्षी हजर.

मधे व्हॉट्सॲपवर हर्क्युलीस भुंग्याचा एक व्हिडिओ फिरत होता, त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘या किड्याची किंमत लाखात’. आमच्या एका मामांनी लगेच फोन केला, “भाच्चा, आपल्या उकिरड्यातला हाच हाय का? इकायचा कुठं?” मामा, तो हा नव्हे. हर्क्युलीस दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या वर्षावनांत राहतो. नर शिंगासकट १७ सेंटिमीटरपर्यंत जातो. आपला गेंड्या चार-पाच सेंटिमीटरचा. पण नातं मात्र खरं आहे, दोघं एकाच उपकुळातले, आणि दोघांना शास्त्रीय नाव देणारा माणूसही एकच, लिनियस, साल १७५८. विकत कुणी घेत नाही एवढंच.

त्या व्हिडिओनं माझं काम मात्र केलं. हर्क्युलीसची अळी जंगलात पडलेल्या, कुजलेल्या झाडाच्या खोडात वर्ष-दोन वर्षं काढते. उबदार, ओलं, अंधारं, कुजकं लाकूड एवढंच तिला लागतं. आता माझा उकिरडा आठवला. गोठ्याच्या उताराला, त्यात गुरांचं मूत, मोरीचं पाणी, वरून कडब्याची वैरण, तळाला पाच वर्षं न हललेला थर. बाहेर मे महिन्यात बेचाळीस डिग्री आणि आत हात घातला तर गार ओल. आपण स्वतःच्या हातानं वर्षावनाचा एक तुकडा करून ठेवतो आणि मग त्यात जंगलातला किडा का राहतो म्हणून कपाळाला हात लावतो. शिवाय गेंड्या काही परका नाही, तो दक्षिण आणि आग्नेय आशियाचाच. नारळ नसला तर ओढ्याकाठच्या शिंदीवर, कधी उसावर, केळीवरही भागवून घेतो.

परका तो दुसऱ्यांसाठी ठरला. १९०९ साली श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर तो पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर पोचला आणि तिथल्या नारळाची दाणादाण उडवली. १९६३ मध्ये अलॉइस ह्यूगर या शास्त्रज्ञाला मलायात या भुंग्याला मारणारा एक विषाणू सापडला. तो १९६७ मध्ये सामोआत सोडला, तेव्हा कुठं जोर ओसरला. अळी रोपाच्या मातीतून, खतातून प्रवास करते, हे यातून आपल्या कामाचं. शेणखताची ट्रॉली विकत घेताना वरचा थर बघून सौदा करू नका, मधोमध एकदा खोरं मारा.

माझ्या उकिरड्यात काय सापडलं

दुसऱ्या वर्षी मी उकिरड्यावर कीटकनाशक ओतलं होतं. वरच्या वीतभर थरातल्या अळ्या मेल्या, त्यांच्याबरोबर गांडुळंही मेली, आणि खालच्या अळ्या मजेत. ते खत हळदीला घालायची हिंमत झाली नाही, ते वर्षभर तसंच पडून राहिलं. म्हणजे भुंग्याला आणखी एक वर्ष फुकटची खोली.

तिसऱ्या वर्षी मेटारायझियम आणलं. ही एक बुरशी आहे, किड्यांना रोग पाडणारी. हिची ओळखच मुळी भुंग्यामुळे झाली. १८७९ मध्ये ओडेसाकडे मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं गव्हावरच्या एका भुंग्याच्या मेलेल्या अळ्यांवर ही हिरवी बुरशी अभ्यासली. पुढं १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. उकिरड्यासारखी ओली, अंधारी, अळ्यांनी भरलेली जागा तिला फार मानवते. माझ्याकडे मात्र एकही अळी हिरवी झाली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, ती पाकिटं पत्र्याच्या गोदामात सबंध उन्हाळा पडून होती. जिवंत बुरशी भाजून निघाल्यावर उरते ती पांढरी पावडर. तेव्हा पाकिटावरची मुदत बघाच, पण दुकानात ते कुठं ठेवलंय हेही बघा. बुरशी कालवलेलं पाणी संध्याकाळी घाला, आणि त्याच आठवड्यात त्या ढिगावर बुरशीनाशक किंवा दुसरं औषध टाकू नका. चांगली लागू पडली, तर दोन-तीन आठवड्यांत मेलेल्या अळ्यांवर आधी पांढरी बुरशी आणि मग शेवाळी रंगाची पूड दिसते. ती बघून लोक घाबरतात. तीच तर हवी असते. त्या अळ्या फेकू नका, ढिगात परत मिसळा.

चौथ्या वर्षी मी हिशोब मांडला. गेंड्याचं अंडं फुटायला दहा-बारा दिवस. अळी म्हणून निदान ८० दिवस, कधी २०० च्याही पुढे. मग कोषात अडीच ते चार आठवडे. म्हणजे अंड्यापासून भुंगा व्हायला कमीत कमी साडेतीन महिने लागतात. या काळात ढिगाला कुणी हात लावला नाही तरच त्याचं जमतं. आपण उकिरडा वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखात फोडतो, आणि तोही पूर्ण नाही. वरचं खत ट्रॉलीत भरतो, तळाचा हातभर थर “वल्ला हाय, फुडल्या साली बघू” म्हणून सोडतो. कोष नेमके त्या तळाशी असतात.

मग मी दर दोन महिन्यांनी उकिरडा पलटी करायचं ठरवलं. एका गड्याचं दिवसाचं काम, त्यात अर्धा दिवस कोंबड्यांची चंगळ. पलटी करताना थर पातळ पसरायचा, दुपारपर्यंत कावळे, साळुंक्या, बगळे आणि कोंबड्या साफ करतात, संध्याकाळी पुन्हा ढीग लावायचा. खताचा जाणकार म्हणेल, अशानं नत्र उडून जातो. बरोबर आहे. म्हणून दिवसभर उन्हात ठेवायचं नाही, अर्ध्या दिवसावर भागवायचं आणि ढीग लावल्यावर वरून माती किंवा कडब्याचं आच्छादन द्यायचं. थोडा नत्र गेला तरी मला चालतो. तळ मात्र एकदा पूर्ण खरवडून काढा. आमच्या तळात निघालेल्या अळ्या घमेल्यानं मोजाव्या लागल्या.

एवढं सगळं केलं आणि श्रावणात नारळावर पुन्हा ताजं भोक दिसलं. त्या दिवशी मी खरंच खचलो होतो. विहिरीच्या कडेला बसलो, आणि ज्यावर बसलो होतो तिकडंच लक्ष गेलं. पाच-सहा वर्षांपूर्वी वाळलेला तिसरा नारळ आम्ही तोडला होता, त्याचं खोड ओढत आणून धुऱ्यावर बाकासारखं टाकलं होतं. पाणी सोडायला आलेला प्रत्येक माणूस त्यावरच बसून तंबाखू मळतो. वरून कडक दिसत होतं. कुऱ्हाडीचा घाव घातला तर आत भिजलेल्या भाकरीसारखा भुसा आणि त्यात अळ्या. मोजल्या तेवढ्या ४३, शिवाय सहा कोष आणि एक नुकता बाहेर पडलेला, अजून तांबूस असलेला भुंगा. झाडापासून अंतर वीस पावलं.

वाळलेला किंवा तोडलेला नारळ हा गेंड्याचा सगळ्यात आवडता पाळणा आहे, उकिरड्यापेक्षाही. नारळाच्या मुलखातल्या लोकांना हे ठाऊक असतं, आपल्याकडे दोन झाडांसाठी कुणी सांगत नाही. खोड तोडलं की फोडून, वाळवून जाळायला वापरा. बुडखा जमिनीत राहिला असेल तर तोही उकरा. शिंदीचे कुजके बुंधे, पावसात भिजत पडलेल्या जुन्या लाकडी खुंटाळ्या, भुशाचे ढीग हेही तपासा.

फेरोमोनचा सापळा लावावा का, असं बरेच जण विचारतात. नराच्या वासासारखा वास सोडणारी लुअर मिळते, बादलीत टांगायची. मोठ्या बागेत तिचा उपयोग आहे. ज्यांची दोन-चारच झाडं आहेत त्यांनी निदान झाडाजवळ तरी ती लावू नये, आजूबाजूचे भुंगे वासावर येतात आणि बादलीत पडण्याआधी आपल्याच झाडावर उतरतात. मी लावलेला नाही.

मग हळद कुणी वाळवली?

ती हुमणीच होती, पण तिचा उकिरड्यातल्या त्या मोठ्या अळ्यांशी संबंध नव्हता. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी सापडते ती होलोट्रिकिया सेराटा या जातीची, माळावरची हुमणी. हिचं चक्र वर्षाचं, एकच पिढी. रोहिणी-मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला बाहेर येतात. सात ते साडेआठच्या सुमारास कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाला खातात, जोड्या लागतात आणि पहाटेच्या आत मातीत परत जातात. पुढच्या काही आठवड्यांत एकेक मादी मातीत ५०-६० अंडी घालते. अळी महिनाभर सेंद्रिय कचऱ्यावर राहते आणि मग मुळांकडे वळते. हळदीवर, उसावर, भुईमुगावर, सोयाबीनवर जो चट्टा आपल्याला ऑगस्ट-सप्टेंबरात दिसतो, त्याची सुरुवात जूनमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत झालेली असते.

इथंही तीच गंमत. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मोठी झालेली अळी खोल जाते, औषधाला दाद देत नाही. जुन्या सवयीनं कुणी दाणेदार फोरेट मागतो. त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. बिनलेबलची पुडी कुणी पुढं केली तरी घेऊ नका. सप्टेंबरात हाती फक्त एकच काम उरतं: वाळलेल्या झाडाभोवती उकरून अळ्या वेचणं, आणि ओल असेल तर मेटारायझियमची आळवणी, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतणं.

खरं काम जूनचं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बॅटरी घेऊन धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभे राहा. पानं खाल्ल्याचा बारीक कुरतड आवाज ऐकू येतो. एका झाडावर सरासरी वीसच्या वर भुंगेरे दिसले, तर दखल घ्यायची वेळ झाली असं समजा. खाली ताडपत्री टाका, बांबूच्या आकड्यानं फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाका. पहिले पंधरा-वीस दिवस हे रोज. एकट्यानं करून फरक कमी पडतो, कारण भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही. आमच्याकडे आठ-दहा शेजारी मिळून करतो, पोरांना टोपल्यामागं चहा-बिस्किटं ठरलेली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून या सुमाराला हुमणीचा सल्ला निघतो, त्यात त्या वर्षी शिफारस असलेली औषधं दिलेली असतात. तीच वापरा, आणि लेबलवर तुमचं पीक लिहिलेलं आहे का हे बघूनच.

हळद काढल्यावर खोल नांगरट केली तर मातीत दडून बसलेले भुंगेरे उघडे पडतात आणि नांगरामागं बगळ्यांची रांग लागते. अर्धकच्चं शेणखत शेतात टाकू नका, असं सगळे सांगतात ते खरंच आहे. पण ‘खतातूनच हुमणी आली’ एवढ्यावर थांबलात, तर जूनमधला कडुनिंब हातचा जातो. माझा तीन वर्षं तोच गेला.

एवढं करूनही परत आला तर

आधी तारखा बघा. पान कातरलेलं दिसलं, तर ते घडीत असताना तुम्ही काय केलं होतं ते आठवा. तळ काढल्यानंतरही एक-दोन पानं कातरलेलीच उमलतील, ती आधीच्या पोखरणीची. त्यावरून इलाज फसला असं ठरवू नका. ताजा भुसा दिसला तरच भुंगा नवा. मग झाडापासून शंभर पावलांचा फेरा मारा आणि कुजकं, ओलं, न हललेलं जे काही असेल ते खोऱ्यानं उघडून बघा. शेंड्याला आंबूस वास येत असेल, बुंध्यातून तपकिरी चिकट रस गळत असेल, तर मात्र हे गेंड्याचं काम नाही. त्यानं केलेल्या जखमेतून लाल सोंड्या भुंगा आत शिरलेला असू शकतो, आणि त्याची अळी खोड आतून पोखरते. तिथं वेळ न घालवता कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला झाडाखाली आणा.

आमच्या दोन झाडांपैकी एकाचे गेल्या पावसाळ्यापासूनचे सगळे कोंब धड उमललेत. दुसऱ्यावर आषाढात एक भोक सापडलं, आकड्यानं मादी निघाली. शंभर पावलांचा फेरा मारला, आमच्या हद्दीत काही नाही. धुऱ्यापलीकडे तात्यांचा उकिरडा आहे. तात्या म्हणतात, “माझ्याकडं नारळ न्हाई, मला काय तरास?” या वैशाखात त्यांची ट्रॉली भरायला मीच दोन गडी लावून देणार आहे, तळापर्यंत.